मसनाहची बत्ती

१

आमच्या घरातली इस्त्री कपड्यांसाठी नाही. शुक्रवारी नमाजाला जाताना माझ्या सदऱ्यावर ज्या चुण्या असतात त्यांवरून सगळं गाव मला हसतं. हसू दे. ती इस्त्री माझ्या बायकोने, मसनाहने, उलटी करून दोन विटांमध्ये घट्ट बसवली आहे आणि तिच्या तापलेल्या तळावर ती दिवे जोडते.

लग्नाआधी मसनाह बारा वर्षं सांदाकान शहरात एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होती. लग्न होऊन ती इकडे नदीकाठी आली तेव्हा माझ्या आईने तिची पेटी उघडून पाहिली. वर दोन जोडी कपडे, खाली नुसत्या तारा. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "जामरी, ही संसार करायला आलीय का वीज कंपनी उघडायला?" पुढे त्याच आईचा रेडिओ मसनाहने तीनदा जिवंत केला, मग आईच्या तोंडाला कुलूप लागलं.

या वर्षी तिने जी बत्ती करायला घेतली तशी आमच्या नदीवर कोणी केली नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर चार एलईडी, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढा. त्यांच्याखाली कथलाची राखाडी पेस्ट लावायची, चिमट्याने एकेक दिवा अलगद ठेवायचा आणि पत्रा इस्त्रीवर सरकवायचा. मग नुसतं बघत बसायचं. पेस्ट आधी मलूल पडते, आणि एका क्षणी लख्ख चकाकते. त्या क्षणी ते चारी दिवे आपोआप तसूभर सरकतात आणि आपापल्या जागी नीट बसतात. मसनाह तेवढा वेळ श्वास रोखून धरते. मीही धरायचो. वीस वर्षं झाली लग्नाला, पण बायकोच्या हातांकडे टक लावून बघण्याची माझी खोड गेलेली नाही, सांगून टाकतो.

इतका उजेड म्हणजे तितकीच धग. ती बाहेर टाकायला पत्र्यामागे पाती असलेला जाड धातू लागतो. तो कुठून आणला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा खांबांवरच्या आमच्या घराखाली उभी असलेली माझी जुनी मोटारसायकल ढकलायला गेलो आणि ती नको इतकी हलकी लागली. इंजिनाचं नळकांडं गायब.

"अहो, ती चार वर्षांत सुरू झाली नव्हती," मसनाह म्हणाली.

"मी करणार होतो."

"आता ती उजेड देईल. तुमच्याकडे नुसती गंजत होती."

सेल तिने भंगारातल्या लॅपटॉपमधून काढले, एकेक मीटरला लावून मोजला, निम्मे फेकून दिले. पुढे आरशासारखी वाटी, भिंग, पाणी आत जाऊ नये म्हणून पाण्याच्या पंपाचं रबर. तयार झालं ते दोन हातांनी धरायचं धूड होतं. दिसायला ओबडधोबड. पण अंगणातून नदीपलीकडच्या झाडावर मारलं तर फांदीवरच्या माकडाच्या मिशा मोजता येत होत्या.

एकच अडचण होती. पूर्ण जोरावर ती चार मिनिटं चाले. त्यापुढे धातू असा तापे की हात लावायची सोय नाही. मग ओल्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं थंड करायची. तिने ते चुन्याने बत्तीच्या अंगावरच लिहून ठेवलं होतं, चार आणि दहा.

२

हे सगळं कशासाठी, तर साबरानसाठी. साबरान मसनाहचा धाकटा भाऊ. आई-बाप लवकर गेले, त्याला तिनेच वाढवला. आणि साबरान पाकोळ्यांची घरटी काढतो, लोक त्यांचं सूप करून पितात, मोठा भाव येतो.

आमच्या तिम्बांगच्या गुहेत छताला पाकोळ्या घरटी करतात. छत दोनशे हात वर. तिथून वेताची शिडी खाली सोडलेली असते, मोकळी, कशाला टेकलेली नाही. एक जण चढतो. खाली एक जण शिडीला बांधलेला दोर ताणून धरतो, म्हणजे ती फिरत नाही. साबरान चढतो, दोर मी धरतो. दोर हातात असला की वरच्या माणसाचं प्रत्येक पाऊल मला तळहातात कळतं. साबरानचं पाऊल मी झोपेतही ओळखेन. तो डावा पाय जरा आपटतो.

गुहेत बोलायचं नसतं. एक तर लाखो पाखरांच्या कलकलाटात ऐकू येत नाही, आणि दुसरं, आत कोणाचं नाव घ्यायचं नाही ही जुनी पद्धत. जे बोलायचं ते उजेडाने. कपाळावरचा दिवा एकदा लुकलुकला की थांबलो. दोनदा, चढतोय. तीनदा, उतरतोय, दोर धर. खालच्याने तितक्याच वेळा उत्तर द्यायचं. उत्तर मिळेपर्यंत वरचा हलत नाही. खालच्याने एकदा लुकलुकवलं तर वरचा आहे तिथे थांबतो, पुढची खूण मिळेपर्यंत, मग तास लागो की दोन. आणि सगळ्यात मोठा नियम हा की आलेल्या उजेडाला उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही. हे आमच्या हाडात इतकं मुरलंय की रस्त्यावर मोटारीने दिवा मिचकावला तरी माझा हात खिशातल्या टॉर्चकडे जातो.

मागच्या हंगामात साबरानचा मित्र बाकरी पडला. वरची एक पायरी तुटली होती. आमच्या टॉर्चचा उजेड तिथवर पोचत नव्हता आणि त्याच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या पायाखाली कसा पडणार. त्याने पाय टाकला, तिथे काही नव्हतं.

बाकरीला पुरून आलो त्या संध्याकाळी मसनाह जेवली नाही. भात निवत ठेवून भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "खालून वरपर्यंत उजेड गेला पाहिजे. शेवटच्या पायरीपर्यंत. माझा भाऊ अंधारात पाय टाकणार नाही."

दुसऱ्या दिवशी माझी इस्त्री गेली.

३

बत्ती पहिल्यांदा गुहेत नेली ती सकाळी दहाच्या सुमारास. तोंडाशी ऊन पडलेलं असतं, पण शंभर पावलं आत गेलं की दिवस संपतो. पायाखाली वटवाघळांच्या विष्ठेचा मऊ थर, त्यात झुरळं.

साबरान चढला. वर पोचला तसा त्याचा दिवा अगदी ठिपक्याएवढा झाला. मसनाहने पाय रोवले, बत्ती पोटाशी धरली आणि खटका दाबला.

काय सांगू. तीस वर्षं मी त्या गुहेत जातोय आणि मला ती गुहा माहीतच नव्हती. छत नुसतं काळं असतं असं मला वाटायचं. ते तांबूस होतं. त्यावर पाण्याच्या रेघा होत्या, घरट्यांच्या रांगा होत्या, आणि मधोमध आमचा साबरान, त्याच्या विजारीवरचं ठिगळसुद्धा दिसत होतं. शिडीची प्रत्येक पायरी मोजावी. मला एकदम भरून आलं. बाकरीच्या वेळी ही असती तर, असं मनात आलं, आणि तिच्याही आलंच असेल, कारण तिने ओठ चावला होता.

साबरानने हात हलवला आणि दिवा एकदा लुकलुकवला. थांबलो. मी माझ्या लहान टॉर्चने एकदा उत्तर दिलं.

मग त्याच्याही वरून एकदा उजेड लुकलुकला.

मी मसनाहकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. तिने बत्ती हळूच वर उचलली. छताच्या मध्यावर एक भोक आहे, धुराड्यासारखं सरळ वर गेलेलं. आजवर त्याच्यात कोणाचाच उजेड गेला नव्हता, आम्ही त्याला छताचाच काळा डाग समजायचो. बत्तीचा झोत त्यात शिरला.

आत शिडी लोंबत होती.

आमच्यासारखीच, वेताची. गाठीही आमच्यासारख्याच. खालचं टोक साबरान बसला होता त्या जागेच्या दोन हात वर आलेलं. आणि वेत पिवळाधम्मक. गुहेत वेत दोन हंगामांत काळा पडतो.

चार मिनिटं झाली. मसनाहने बत्ती बंद केली आणि फडक्यात गुंडाळली. साबरान उतरायला लागला, आणि मी दोर ताणून धरला.

४

घरी आल्यावर बोललो, आणि बरंच बोललो.

"ओल्या दगडावरून उजेड उलटला," मी म्हणालो. "दुसरं काय असणार?"

"उलटलेला उजेड उशिरा येतो का?" मसनाह सेल मोजत होती. "तुमचं उत्तर गेलं, मग मी दोन श्वास घेतले, मग तो आला."

"आवाज नाही का घुमून उशिरा येत?"

"आवाज येतो. उजेड नाही येत." ती अशा वेळी मास्तरणीसारखी बोलते, आणि बरोबर असते, म्हणून जास्त राग येतो.

साबरान जेवत होता. तळलेली मासळी, कच्च्या आंब्याची चटणी, तिसऱ्यांदा भात. त्याला उजेडाचं काही नव्हतं. त्याने फक्त शिडी पाहिली होती. "ताई, त्या भोकात घरटी किती आहेत माहितीये? पांढरीशुभ्र. कोणाचा हात लागलेला नाही. उद्या मी आत जातो."

"शिडी कोणाची आहे ती?"

"असेल कोणा जुन्याची."

"वेत ताजा होता," मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही खाली दोर धरून उभे. तुम्हाला तिथून वेत ताजा दिसला का शिळा?" तो हसला. "ताईच्या बत्तीत तुम्हीसुद्धा ताजे दिसत होतात."

मसनाह हसली नाही. "मी बत्ती देणार नाही."

"मग बत्तीशिवाय जाईन."

तो जाईल हे तिला माहीत होतं. पोरगा तिच्याच हाताखाली वाढलेला, तिच्यासारखाच हट्टी. तिने मीटर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला एवढं वाईट वाटलं. त्याने पाय अंधारात टाकू नये म्हणून तिने महिनाभर डोळे फोडले, आणि त्याच उजेडाने त्याला आणखी वरचा रस्ता दाखवला.

"मी येणार," ती शेवटी म्हणाली. "बत्ती मीच धरणार. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

"थांबेन," साबरान म्हणाला, आणि ताट चाटून पुसून उठला.

५

सकाळी अकरा. साबरान चढायला लागला. मसनाहने पहिली चार मिनिटं उजेड दिला, तेवढ्यात तो निम्म्यावर गेला. मग बत्ती फडक्यात गेली. आता दहा मिनिटं त्याच्या कपाळावरच्या दिव्यावर. ठरलंच होतं तसं. निम्म्याच्या वरच्या पायऱ्या मसनाहने आदल्या दिवशी नजरेखालून घातल्या होत्या.

मी उजव्या हाताने दोर धरला होता, डाव्या हातात लहान टॉर्च. दोरात त्याची पावलं येत होती. उजवं, डावं आपटून. मग ती थांबली.

वर पाहिलं तर काळोख. त्याचा दिवा दिसेना. मला वाटलं, शिडी फिरली असेल, पाठमोरा असेल.

"काय झालं?" मसनाहने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

मी मान हलवली. ती फडक्यातला धातू चाचपत होती, अजून निवला नव्हता.

तेवढ्यात वरून उजेड लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. उतरतोय, दोर धर.

माझा जीव भांड्यात पडला. शहाणपण सुचलं पोराला, असं म्हणत मी टॉर्च उचलला आणि तीनदा उत्तर दिलं. मग टॉर्च दातांत धरून दोर दोन्ही हातांनी ताणला.

उत्तर गेलं, आणि दोरात पावलं सुरू झाली. सावकाश, एका लयीत. उजवं, डावं, उजवं, डावं. एकसारखी.

मला कळायला तीनचार पायऱ्या लागल्या. टॉर्च दातांतून सुटून खाली पडला. मी मसनाहचा खांदा धरला आणि त्या गुहेत आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडलो. "हा तो नाही. बत्ती लाव."

६

तिने फडकं फेकलं आणि खटका दाबला.

साबरान निम्म्याच्या जरा वर होता. पायरीवर बसलेला, दोन्ही हातांनी शिडीला मिठी. कपाळावरचा दिवा विझलेला. दिवा गेला की असंच बसून राहायचं असतं, खालून उजेड येईपर्यंत, आणि तो तसाच शहाण्यासारखा बसला होता. त्याने काही लुकलुकवलं नव्हतं. त्याच्याकडे लुकलुकवायला काही नव्हतंच.

त्याच्या वर, खूप वर, भोकाच्या तोंडाशी, आमच्याच शिडीवर, उजेडाचा एक ठिपका एकेक पायरी खाली येत होता. माझ्या उत्तरावर.

आता नीट सांगतो, कारण नंतर लोकांनी मला वाटेल ते विचारलं. मसनाह घाबरली नाही असं मी म्हणणार नाही. तिचे दात वाजत होते, मला ऐकू येत होतं. पण बत्ती हलली नाही. एका हाताने ते धूड छातीशी धरून ती खाली बसली, दुसऱ्या हाताने विष्ठेत पडलेला माझा टॉर्च उचलला, फुंकला, वर धरला आणि एकदाच लुकलुकवला. थांब.

दोरातली पावलं थांबली. ठिपकाही थांबला. दोन श्वास गेले. मग वरून एकदा उत्तर आलं.

त्याने ऐकलं.  वरचा जो कोणी होता तो आमचा नियम पाळत होता.

मसनाहने झोत जरा वर केला. फक्त पाहण्यापुरता. ठिपक्याच्या खाली, पायरीवर, दोन तळवे दिसले. शेजारी शेजारी, स्वच्छ. आमच्या कोणाचे तळवे तिथे स्वच्छ राहत नाहीत. आणि ते शिडीच्या दुसऱ्या बाजूने होते. साबरान ज्या बाजूने बसला होता त्याच्या समोरच्या बाजूने. तसाच उतरत आला असता तर दोघांची तोंडं समोरासमोर आली असती.

मसनाहने झोत परत साबरानच्या पायाखाली आणला आणि मग तिथून हलवला नाही.

साबरान उतरू लागला. आता दोरात डावं पाऊल आपटत होतं. मी मोजत होतो. पायऱ्या मोजत होतो आणि मिनिटंही मोजत होतो. तीन. चार. पाच. धातूवर पडलेला मसनाहच्या घामाचा थेंब चर्र झाला. मी एका हाताने दोर धरून दुसऱ्याने लुंगीची पट्टी फाडली, चिखलात भिजवून तिच्या हाताखाली कोंबली, त्या पाण्याची वाफ झाली. जळक्या केसांचा वास आला, तो तिच्या मनगटाचा होता. मी म्हणालो, "दे इकडे." ती म्हणाली, "तुम्ही दोर सोडू नका." सहा. सात. त्या बत्तीवर तिने स्वतःच्या हाताने चार लिहिलं होतं.

आठव्या मिनिटाला साबरानचे पाय जमिनीला लागले. बत्ती त्याच वेळी विझली. कोणी बंद केली नाही, आतला कथलाचा डाग वितळला.

मी दोर तसाच धरून होतो. साबरान खाली माझ्या पायाशी पडला होता, शिडीवर आमचं कोणी नव्हतं. पण दोर जड होता. माणूस वर असला की जितका जड लागतो तितका.

"सोडू?" मी विचारलं.

"नाही," मसनाह म्हणाली. "कोणीतरी आहे वर."

तिने अंधारात चाचपत माझ्या हातातून दोराचं टोक घेतलं. तळहाताची साल निघालेली असताना त्याच हाताने ते जमिनीत रोवलेल्या, लोखंडासारख्या टणक लाकडाच्या खुंटीला बांधलं, तीन वेढे, पक्की गाठ. मग आम्ही साबरानला मधे धरून उजेडाकडे निघालो. मी मागे वळून पाहिलं नाही. तिने पाहिलं.

७

हंगामाचे पंधरा दिवस राहिले होते. घरट्यांच्या कामावरच्या मुकादमाने गुहा लवकर बंद केली, म्हणाला पाखरांना विसावा द्या. त्याने कारण विचारलं नाही. खुंटीवरचा दोर तो स्वतः बघून आला होता.

मी हिशेबी माणूस नाही, पण त्या आठवड्यात मी गावातली माणसं मोजली. आमच्या गावातले चढणारे, वरच्या गावातले, खालच्या गावातले. म्हातारेसुद्धा, ज्यांनी चढणं सोडून दिलंय ते. सगळे घरी होते. गेल्या तीस वर्षांत जे जे पडले ते सगळे सापडले, आणि त्यांच्या कबरी मला माहीत आहेत. बाकरीला तर मी माझ्या हातांनी माती दिली. कोणी कमी नाही. कोणाची वाट बघणं बाकी नाही. तेव्हा वर जो आहे तो आमच्यापैकी कोणी नाही.

मी हे मसनाहला सांगितलं. हाताला पट्टी बांधून ती केळी सोलत होती. म्हणाली, "बरं."

साबरान आठ दिवस अंगणात बसायचा, नदीकडे बघायचा. नवव्या दिवशी माझ्याजवळ आला.

"दाजी, दिवा गेला तेव्हा शिडी फिरायला लागली होती. वारा होता आतून. मला वाटलं संपलं. हात सुटत होते." त्याने आपले तळहात उलटून पाहिले. "मग वरून कोणीतरी शिडी धरली. घट्ट. हलू दिली नाही. तुम्ही नाही ना धरली?"

मी खाली दोर धरला होता. पण तसा वारा सुटला की नुसत्या खालच्या दोराने दोनशे हातांची शिडी मधे स्थिर राहत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"मीच," मी म्हणालो. तो उठून आत गेला. त्याला पटलं नाही. त्या रात्री जेवताना तो ताईला म्हणाला की पुढच्या हंगामात मी चढणार, दुसरं काम मला येत नाही. ती नको म्हणाली नाही.

८

आता इस्त्री पुन्हा तापलेली आहे.

या वेळी बारा दिवे आहेत. सांदाकानहून पार्सल आलं, मीच नाक्यावरून आणलं. मागे लावायला तिने नावेच्या मोटारीचा अख्खा ठोकळा घेतलाय, आत पाणी फिरवायला नळी बसवलीय, म्हणजे बादलीत बसवून अर्धा तास चालेल. चढणारा वरून खाली येईपर्यंत पुरेल इतका वेळ. तिच्या उजव्या तळहाताला आता पक्कड नीट धरता येत नाही, म्हणून ती डाव्या हाताने काम शिकलीय. दोन महिन्यांत. मी शेजारी बसून तांब्याचा पत्रा धरतो, कारण तो एकटीला धरवत नाही. तेवढंच माझं कर्तृत्व.

काल पेस्ट चकाकली आणि बाराच्या बारा दिवे सरकून जागेवर बसले. तिने श्वास सोडला. मग मी विचारलं. दोन महिने मनात होतं ते विचारून टाकलं.

"एवढा उजेड कशाला? तो कोण आहे ते बघायला?"

"नाही हो," ती म्हणाली. "बघून काय करायचंय."

"मग?"

"खालपर्यंत येणारी शिडी एकच आहे. साबरान चढणार म्हणतो, तर त्याच्या आधी वरच्याने उतरायला हवं." तिने पत्रा उजेडाकडे धरून तिरपा करून पाहिला. "मी थांब म्हटलं, तो थांबला. दोन महिने झाले. उतरताना त्याला पायरी दिसायला नको का?"

 मला भीती वाटते हे तिला सांगायचं होतं. त्या स्वच्छ तळव्यांची, त्या एकसारख्या पावलांची. सांगायचं होतं की तो माणूस आहे याची आपल्याला खात्री नाही, आणि तो खाली येऊन काय करेल हेही माहीत नाही. यातलं थोडं मी बोललोही.

ती ऐकत होती. मान वर केली नाही, डाव्या हाताने चिमटा चालूच होता.

"अहो, त्याने तीनदा विचारलं आणि तुम्ही तीनदा हो म्हणालात," ती म्हणाली. "दोर धरतो म्हणून तुम्हीच सांगितलंत ना त्याला?"

चाळीस दिवसांनी हंगाम उघडतो. काल संध्याकाळी मी गुहेच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. आत खुंटीपर्यंत गेलो, दोराला नुसतं बोट लावलं. ताणलेलाच आहे, वर माणूस असावा तसा जड. बत्ती मसनाह धरणार आहे आणि दोर मी. दुसऱ्या कोणाच्या हातात तो देता येणार नाही.